सतरा नंबरचे हेडमास्तर

मला उभ्या जन्मात चौदा मेमो मिळाले आणि चौदाही एकाच माणसाने दिले. ते आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर. मी त्या शाळेत आया होते. झाडायचं, रांजण भरायचा, घंटा मारायची. चौथी पास होते, त्यामुळे वाचता येत होतं, आणि तिथेच माझं चुकलं. वाचता येत नसतं तर त्यांनी मला तोंडाने बोलून सोडून दिलं असतं.

पहिला मेमो बेडकाबद्दल होता. "आपण भरलेल्या रांजणात आज सकाळी एक बेडूक आढळून आला. चोवीस तासांच्या आत लेखी खुलासा करावा." मी म्हटलं, "सर, मी समोरच उभी हाय न. तोंडानं सांगते."

"तोंडाचं बोलणं मला नको, बाई. कागदावर आलं नाही ते झालंच नाही."

मग मी त्यांच्याच टेबलावरचा कागद घेतला आणि लिहिलं, "बेडूक मी आणला नाही. तो आपल्या पायाने आला. काय विचारायचं ते त्याला विचारा." दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर त्यांनी बेडकाच्या नावाने मेमो काढला आणि सगळ्या पोरांपुढे वाचून दाखवला. पोरं हसून लोळली. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. कागद घडी करून रांजणाखाली ठेवून दिला.

आमचं गाव सीमेवरचं. नाल्याच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही आंध्र प्रदेशात. सरकारने ताल्लुके मोडून मंडलं केली त्याच्या आधीची गोष्ट आहे ही. शाळा मराठी, वरून येणारे कागद तेलुगूत, आणि हेडमास्तर स्वतः निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दस्तखत, दरख्वास्त, तामील असले शब्द सारखे यायचे. एखाद्या पोराला लघवीला जायचं असलं तरी ते म्हणायचे, "दरख्वास्त मंजूर."

मास्तर दोनच. पहिली ते तिसरी दुसऱ्या मास्तरांकडे, चौथी-पाचवी हेडमास्तरांकडे. उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट. काखेत काळी छत्री, पण ती कधी उघडायचे नाहीत. उघडली की झिजते म्हणायचे. पावसात भिजत यायचे आणि छत्री कोटाच्या आत धरून तिला कोरडी ठेवायचे. दुपारी दोन वाजता फळ्याला पाठ लावून उभ्या उभ्या झोपायचे, बरोबर सात मिनिटं. पोरं तेवढा वेळ श्वास धरून बसायची, कारण जागे झाल्यावर ते पहिला प्रश्न कोणाला विचारतील याचा नेम नव्हता. शाळेत शेळी शिरली तर भेट देणाऱ्यांच्या वहीत लिहायचे, "एक शेळी, काळी, अकरा वाजता आली. शेरा न देता गेली." त्यांची बायको आदिलाबादला राहायची. दर शनिवारी ते बसने तिकडे जायचे. ती एकदा गावात आली तेव्हा मला म्हणाली, "लग्नात अंतरपाट काढल्यावर यांनी आधी माझ्या बापाला पोच मागितली होती." खरं-खोटं तिला माहीत. मला खरंच वाटलं.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. मग त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मंजुळा मेली.

मंजुळा चौथीत होती. माझी रुखमा पण चौथीत. दोघी दिवसभर एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्याकडे वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच ठेवतात, अर्धी खोली भरून गंजी लागलेली असते आणि पोरं तिच्यावर उड्या मारतात. मोठी माणसं ओरडतात, पोरं ऐकत नाहीत. त्या रविवारी दुपारी मंजुळाच्या घरी दोघींचा तोच खेळ चालला होता. मंजुळाने उडी मारली. तिच्या मागून रुखमा मारणार होती. कापसात ऊब असते म्हणून साप येऊन बसला होता. बैलगाडीने सडकेपर्यंत नेलं, तिथून एका लारीवाल्याने घेतलं. आदिलाबाद यायच्या आधीच पोरगी संपली.

रुखमाने साप पाहिला होता. घरी आली ती गप्प. रडली नाही, बोलली नाही. मी आधी समजावलं, मग दोन थापडा दिल्या. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

सोमवारी शाळा बंद ठेवली. मंगळवारी प्रार्थनेला पोरं उभी राहिली आणि चौथीच्या रांगेत एक जण रडायला लागला. तो थांबला की दुसरा. दुसरा थांबला की तिसरी. हेडमास्तर काखेतली छत्री या हातातून त्या हातात करत उभे होते. माणूस बेडकाशी बोलू शकत होता, पण रडणाऱ्या पोराशी काय बोलायचं ते त्याला येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "थांबा. आत्ता प्रार्थना आहे. रडायला वेगळा तास ठेवू."

मला वाटलं असंच बोलले असतील. पण त्यांनी आत जाऊन भिंतीवरचं वेळापत्रक उतरवलं आणि चौथीच्या रकान्यात तिसऱ्या तासाचा भूगोल खोडून लिहिलं, "रडणे".

तिसऱ्या तासाची घंटा मीच मारली आणि काय होतं ते बघायला दारात उभी राहिले. हेडमास्तर खुर्चीवर बसले, घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि म्हणाले, "हं. रडा."

कोणालाच रडू येईना. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मागचा एक जण म्हणाला, "सर, येऊन नाही राह्यलं."

"घाई नाही. पाऊण तास आहे."

थोडा वेळ गेला. मग एक पोट्टी म्हणाली, "सर, मंजीनं माही पेन्सिल नेली होती. ते आता मिळन काय?"

"कधी नेली?"

"दिवाळीच्या आधी. ते सगळ्यायच्या पेन्सिली न्यायची सर, अन् मांगं चावून ठेवायची."

"माही तर खडूची कांडी खाल्ली तिनं!"

"खडू तर तू बी खातं!"

"मी पांढरा खातो. तिनं लाल खाल्ला होता, अन् मंग थुंकून दाखवे, म्हणे रक्त आलं."

दोघं-तिघं हसले. हसता हसता त्यातल्याच एकाचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला, आणि मग सगळी रडली. हेडमास्तरांनी मध्ये बोलून कोणाला गप्प केलं नाही. वेळ झाली तशी मला खूण केली. मी घंटा मारली. पोरांनी नाकं पुसली आणि गणिताच्या पाट्या काढल्या.

तो तास नऊ दिवस चालला. दुसरीतला एक पोरगा येऊन म्हणाला, "सर, आमाले बी तो तास द्या न." त्याला म्हणाले, "आधी दुसरीचा अभ्यास पुरा कर." मग दोन दिवस लागोपाठ त्या तासाला कोणी रडलं नाही, तेव्हा त्यांनी "रडणे" खोडून परत "भूगोल" लिहिलं. मी म्हणते, एवढं तरी त्यांनी बरोबर केलं होतं. फक्त रुखमा त्या नऊ दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. शेजारची मंजुळाची जागा मोकळी होती, तिकडे बघायचीच नाही.

आणि मग पहिली तारीख आली.

हजेरीपटाचं पान महिन्याचं असतं. दर एक तारखेला हेडमास्तर नवीन पानावर सगळी नावं परत लिहायचे. आधी पोरं, मग पोरी, ज्या क्रमाने शाळेत नाव घातलं त्या क्रमाने. चौथीत सोळा पोरं होती. सतरा नंबर मंजुळा, अठरा नंबर रुखमा, कारण मी आणि मंजीची माय दोघी एकाच दिवशी पोरींना घेऊन गेलो होतो आणि ती माझ्या पुढे उभी होती. आता मंजुळाचं नाव गेलं. हेडमास्तरांनी नेहमीसारखं सोळापर्यंत लिहिलं, सतराला रुखमाचं नाव टाकलं आणि पुढच्या सगळ्या पोरी एक-एकाने वर सरकवल्या. दस्तखत केलं, टिपकागद दाबला.

ते हजेरी नावाने घ्यायचे नाहीत, नंबरानेच घ्यायचे. "सोळा!" "हजर सर!" "सतरा!"

सगळा वर्ग चिडीचूप. हेडमास्तरांनी मान वर न करताच परत म्हटलं, "सतरा! रुखमा, तू सतरा आता."

रुखमा उठली आणि दप्तर तिथेच टाकून घरी पळाली.

मी घंटा टाकून तिच्या मागे गेले. ती ज्वारीच्या कणगीमागे बसली होती. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "माय, तिच्या मांगं मीच होती. आता सरनं मले तिच्याच जागी टाकलं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी चार जण आले नाहीत, कारण पोरांनी असं ठरवलं होतं की रुखमा आली नाही तर सतरा नंबर तिच्या पुढच्या पोरीला लागणार आणि तिला साप चावणार, मग तिच्या पुढचीला. पाचव्या दिवशी चौथीत नऊ पोरं उरली. ते ऐकून मोठी माणसंही हुशार झाली. दोघं जण भगताकडे गेले, नंबराचा उतारा काढून द्या म्हणून. भगताने विचारलं, "आकडा राह्यते कुठी? कोंबडं फिरवू कोणावरून?" त्या दोघांनी सांगितलं, रजिस्टरात राहतो. तर भगत कोंबडं घेऊन शाळेत यायला निघाला. हेडमास्तरांनी त्याला फाटकातच अडवलं आणि कोंबड्याचा दाखला मागितला.

मला त्यात हसू येत नव्हतं. मी चौथीच्या पुढे गेले नाही, कारण माझ्या बापाने जाऊ दिलं नाही. रुखमाने जावं एवढंच माझं होतं. दुसरं काही मी देवाकडे मागितलं नाही. आणि पोरगी आता घरी कणगीमागे बसली होती. अशी महिनाभर घरी बसलेली पोट्टी परत शाळेत जात नाही, तिला वेचणीला लावतात आणि मग लग्नाला. मी गावात दहा पाहिल्या होत्या.

मी झाडू हातात घेऊनच त्यांच्या टेबलापुढे गेले. "तुमाले काही समजते काय सर? मेलेल्या पोरीच्या जागी माही पोरगी लिहिली तुमी!"

"नंबर आहे तो, बाई. जागा नाही."

"तुमाले नंबर. त्यायले जागाच हाय ते."

"मी तर दर महिन्याला असंच लिहितो."

"दर महिन्याला मरते काय कोणी?"

त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. मी म्हटलं, "सोळाच्या पुढं अठरा लिहा. सतरा नका लिहू. झालं."

"तसं चालत नाही. नंबर मधला सोडता येत नाही. डिप्टी साहेब विचारतील सतरा कुठे आहे, तर काय सांगू? मंजुळाचं नाव ठेवावं तर ती..." ते चष्मा काढून पुसायला लागले. मग म्हणाले, "माझी चूक झाली. कागदावर झाली आहे, कागदावरच दुरुस्त होईल. त्या जागी कोणीतरी बसलं पाहिजे."

"कोण बसन? गावात कोणी पोट्टं देत नाही आता."

त्या संध्याकाळी ते मंजुळाच्या घरी गेले. मला सोबत नेलं. मंजीची माय चुलीपुढे बसली होती. हेडमास्तर कोट घालून अंगणात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एक दरख्वास्त आहे. तुमच्या मुलीचा नंबर मला हवा होता."

तिला काही समजेना. मी सांगितलं की हे स्वतः तिच्या जागी नाव लिहिणार म्हणतात, म्हणजे दुसऱ्या पोरी भिणार नाहीत. मंजीच्या मायने त्यांच्याकडे बघितलं. मग भाकर तव्यावर उलटली आणि म्हणाली, "घ्या. पण रोज जात जा सर. ते कधी घरी राह्यली नाही." आणि खरं सांगते, पुढे हिवताप भरला तरी हा माणूस शाळेत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाखलखारीज काढलं. कोण शाळेत आलं, कोण गेलं ते लिहायचं मोठं रजिस्टर. स्वतःचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. यत्ता चौथी. मग अडले. "पालकाची सही लागते. माझे वडील वारले. तुम्ही करा."

"मी?"

"गावात मला दुसरं कोण आहे?"

मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण सही केली. पालकाशी नातं या रकान्यात काय लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लिहा, मेमोचं."

मग त्यांनी हजेरीपटाचं पान परत लिहिलं, सतराला स्वतः, अठराला रुखमा, आणि हजेरी घ्यायला उभे राहिले. "सोळा!" "हजर सर." "सतरा!" एवढं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं, छत्री टेबलाला टेकवली, पोरींच्या तरटपट्टीवर मंजुळाच्या जागी जाऊन मांडी घालून बसले, हात वर करून म्हणाले, "हजर सर," आणि उठून परत टेबलाशी जाऊन स्वतःच्या नावापुढे टिंब दिलं. "अठरा!" रुखमा नव्हती. पुढे गेले.

त्या दिवशी हजर असलेल्या नऊ पोरांपैकी कोणी हसलं नाही. त्यांना वाटलं सर बिघडले. पण गावात तासाभरात बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी सोळा पोरं आली, फक्त बघायला. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पाट्या तपासल्या, तर सतरा नंबरने पाढे लिहून आणले नव्हते. त्यांनी स्वतःला उभं केलं. "का रे, पाढे कुठं आहेत?" मग पट्टीवर जाऊन, "विसरलो सर." मग टेबलाशी येऊन, "अंगठे धर." आणि छप्पन्न वर्षांचा माणूस काळ्या कोटात फळ्यापुढे अंगठे धरून वाकला. कोट मागून उसवला. त्या आवाजाला पहिल्यांदा वर्ग हसला.

हे सगळं पोरांनी रुखमाला घरी येऊन सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. चौथ्या दिवशी ती माझ्यासोबत आली आणि खिडकीतून बघत उभी राहिली. हेडमास्तरांनी तिला पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं. पाचव्या दिवशी ती येऊन आपल्या जागेवर बसली. अठरा नंबरला. बोलली नाही, हात वर केला. पण त्यांच्या पाटीवरचं गणित तिरक्या डोळ्याने बघत होती, आणि चुकलं तिथे तिने बोट ठेवलं.

असं दीड-दोन महिने चाललं. मग डिप्टी साहेब आले.

डिप्टी साहेब म्हणजे ताल्लुक्याच्या शाळा तपासणारे साहेब. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. ते येणार हे कधीच कळायचं नाही. त्या दिवशी बसमधून उतरले ते थेट चौथीत आले. हेडमास्तर खुर्चीवरून उठले. साहेब बसले, हजेरीपट ओढला, वरून खाली बघितलं आणि पोरी मोजल्या.

"लड़कियाँ छे लिखे. बैठे सो पाँच. छटवी किधर है?"

हेडमास्तरांनी कोटाचं बटण लावलं, परत काढलं. साहेबांनी बोट ठेवून स्वतःच हजेरी सुरू केली. "एक." "हजर सर." "दो." "हजर सर." मी दारात उभी होते. हेडमास्तरांची नोकरी दोन वर्षं उरली होती. साहेबांसमोर जाऊन पोरींत बसले तर हा माणूस वेडा झाला म्हणून लिहायला साहेबांना एक ओळ पुरली असती. आणि नाही बसले तर?

"सोला." "हजर सर." "सतरा."

चिडीचूप. एक तारखेला वर्ग झाला होता तसाच. मी रुखमाकडे बघितलं. ती हेडमास्तरांकडे बघत होती. सगळीच पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"सतरा!" साहेब परत म्हणाले.

हेडमास्तरांनी छत्री टेबलाला टेकवली. साहेबांसमोरून चालत गेले, पोरींच्या पट्टीवर मांडी घालून बसले आणि हात वर केला. "हजर सर."

साहेबांचं बोट सतरावरच राहिलं. त्यांनी हजेरीपटाकडे बघितलं, हेडमास्तरांकडे बघितलं. काय करावं ते न सुचून पुढचा नंबर म्हणाले. "अठरा."

"हजर सर!"

एवढ्या मोठ्याने की बाहेरची कुत्री उठली. रुखमाचा आवाज मी दोन महिन्यांनी शाळेत ऐकला.

हजेरी संपल्यावर साहेब मोठ्याने म्हणाले, "ये क्या तमाशा है हेडमास्टर साब? उठो वहाँ से!" मग दाखलखारीज मागवलं. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, कपाळाला हात लावला. "इसका गार्जियन कौन है?"

मी झाडू खाली ठेवला. "मी हाय."

"तुम? तुम कौन?"

"मी आया. शाळा झाडते."

साहेबांनी तिथल्या तिथे हेडमास्तरांना मेमो दिला. इतकी वर्षं मेमो वाटणाऱ्या माणसाला पहिल्यांदा मेमो मिळाला. लेखी खुलासा, आणि तोही बस यायच्या आत. कागद पुढे घेऊन ते बसले तर अक्षर फुटेना. मग तो कागद मी ओढला. खुलासे लिहायची सवय शाळेत मलाच होती. मी लिहिलं:

"पोरगी साप चावून मेली. तिचा नंबर उरला. तिथे बसायला पोरं भ्याली आणि शाळेत येईनात. नंबर मधला सोडता येत नाही असं हेडमास्तर म्हणतात. म्हणून ते स्वतः बसले. आता पोरं येतात. माझी पण येते. कळावे."

साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. म्हणाले, "पढ़ के सुनाओ." हेडमास्तर उभे राहून एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. "आता पोरं येतात" इथपर्यंत नीट आले. पुढच्या ओळीला ते खोकले आणि ती ओळ गाळून एकदम "कळावे" म्हणाले. मी म्हटलं, "सर, एक ओळ राह्यली." तेव्हा ती पण सांगितली.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. "सरे, सरे," म्हणाले, म्हणजे तेलुगूत बरं, बरं. मग माझ्याकडे बघून, अगदी साहेबी तोंड करून विचारलं, "पढ़ाई में कैसा है ये लड़का?"

मी म्हटलं, "गणितात बरा हाय साहेब. अक्षर खराब. दुपारी झोपते."

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. जाताना हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "साल पूरा करो. बाद में निकाल देना."

पण काढायचं कसं? हा प्रश्न उन्हाळ्यात आला. परीक्षेच्या आधी रुखमाच त्यांना म्हणाली, "सर, तुमी पास झाले तर सतरा नंबर आमच्यासंगं पाचवीत येईन न?" हेडमास्तर म्हणाले, "नियमाप्रमाणे येईल." त्यांनी पोरांबरोबर बसून सगळे पेपर दिले. तेलुगूचा पेपर दुसरे मास्तर तपासायचे. हेडमास्तर वीस वर्षं तेलुगू कागदांना उत्तरं देत होते, पण त्यांनी पेपर कोरा ठेवला. वर नुसतं नाव लिहिलं. दुसरे मास्तर म्हणाले, "सर, काहीतरी लिहा, मी चार-दोन मार्क देतो." तर म्हणाले, "चौकशी होईल."

निकालाच्या दिवशी पालक बसले होते. मंजीची माय पण आली होती, बोलावलं नव्हतं तरी. हेडमास्तर वाचत गेले. "सोळा, पास. सतरा, तेलुगूत नापास. चौथीतच राहील." पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की कोणी पहिला आला असता तरी वाजवल्या नसत्या. "अठरा, पास." मी उठले आणि दोन्ही प्रगतीपत्रकांवर सही केली. रुखमाने दोन्ही हातात घेऊन बघितली.

"माय, नापास झालं म्हणून याले मारशीन काय?"

"मारावंच लागन," मी म्हटलं. "वर्ष वाया घालवलं त्यानं."

रिटायर होईपर्यंत ते चौथीतच राहिले, सतरा नंबरला, दर वर्षी तेलुगूत नापास. नंतर आलेल्या पोरांना त्यात काही नवल वाटायचं नाही. त्यांना वाटायचं, सगळ्याच शाळांत असा एक नंबर हेडमास्तरचा असतो.

पाचवीच्या पटावर त्यांनी पोरींची नावं आधी लिहिली, रुखमाला एक नंबर आला. ती पाचवी करून आदिलाबादच्या शाळेत गेली, माझ्या बहिणीकडे राहून. पहिल्या सुट्टीत घरी आली. जेवताना म्हणाली, "माय, तिथं सतरा नंबरले एक पोट्टी बसते."

"मंग?"

"मंग काही नाही," ती म्हणाली. "साधीच हाय. डब्यात लोणचं आणते, मी तिच्याजवळच बसते."